डुगडुगणारी खुर्ची फेकू नका

सोलापूरच्या जुन्या पेठांमध्ये वाडे पाडले जातात, तेव्हा तुळया आणि चौकटींबरोबर सागवानी खुर्च्या, मेजे, फडताळेही भंगाराच्या भावात निघून जातात. नव्या फ्लॅटमध्ये त्यांच्या जागी पार्टिकल बोर्डाची कपाटे येतात, तीही बहुधा हप्त्यावर. हा सौदा तोट्याचा आहे. जुन्या वस्तूंत आठवणी असतात, हे कारण क्षणभर बाजूला ठेवू. खरे कारण असे की ती खुर्ची बनवतानाच सुताराने तिच्या दुरुस्तीची सोय करून ठेवलेली असते.

जुने सांधे खाचेत बसवून सरसाने चिकटवलेले असत. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. त्या कोरड्या हवेत लाकूड आकसते, वाळलेला सरस तडकतो आणि खुर्ची डुगडुगू लागते. खुर्ची मोडलेली नसते, फक्त सांधा सुटलेला असतो. गरम पाण्याचे फडके धरले की सरस मऊ होतो, पाय अलगद निघतो. सांधा साफ करून पुन्हा सरस लावायचा, दोरी गुंडाळून काठीने पीळ द्यायचा आणि रात्रभर तसेच ठेवायचे. पॉलिशचेही तेच. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा, म्हणजे लाखेचा, नवा हात जुन्या थरात मिसळून जातो, त्यामुळे चरा पडला तर तेवढीच जागा सुधारता येते. याउलट पार्टिकल बोर्ड म्हणजे रेझिनमध्ये दाबलेला भुसा. फरशी पुसताना त्यात पाणी मुरले की तो फुगतो, पुन्हा बसत नाही; एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पकड घेत नाही. 2022 साली केंद्र सरकारने मोबाईल, वाहने, शेती अवजारे यांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. सागवानी खुर्चीला तो हक्क तिच्या सुतारानेच देऊन ठेवला आहे.

बाहेरून आणलेल्या जुन्या सामानातून वाळवी आणि ढेकूण घरात येतील, ही भीती रास्त आहे. म्हणून वस्तू आधी बाहेरच ठेवावी, उलटी करून पाहावी. ताजा भुसा गळत असेल किंवा लाकूड टोचल्यावर बोट आत जात असेल, तर ती घेऊच नये. जुन्या रंगाचा धोका याहून मोठा. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, तेव्हा त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. ओल्या पॉलिश पेपरने, मास्क लावून, मुलांना दूर ठेवून घासावा. लाकडाला जवसाचे तेल लावले, तर तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून वाळवाव्यात. घरोघरी दुरुस्ती झाली तर सुताराचे काम जाईल, हा आक्षेप मात्र टिकत नाही. घासणे आणि पॉलिश घरी होईल. तुटलेला पाय जोडायला, वेत विणायला सुतार आणि विणकरच लागतील. त्यांचे काम जाते ते खुर्ची भंगारात जाते तेव्हा.

दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती खुर्ची एकदा उलटी करा आणि सांधे हलवून पाहा. लाकूड ठणठणीत असेल, तर तिला नव्या मालकाची गरज नाही, थोडा सरस पुरेल.