‘कोणीतरी’ म्हणजे नक्की कोण?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. कर्जतहून खोपोली लोकलने घरी येत होते. बायकांच्या डब्यात नेहमीची गर्दी. गाडी सुटली आणि दाराजवळ उभी असलेली एक कॉलेजची मुलगी एकदम खाली कोसळली. उपाशी होती की आजारी, कोणास ठाऊक! डब्यात एकच गलका झाला. ‘‘अगं बाई, काय झालं हिला?’’ ‘‘कोणीतरी पाणी द्या गं!’’ ‘‘कोणीतरी वारा घाला!’’ त्या गलक्यात मीसुद्धा होते. माझ्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती, तरी मी इतर बायकांच्या तोंडाकडे बघत ‘कोणीतरी पाणी द्या’ असंच म्हणत होते. त्यातून पळसदरी हे कर्जतनंतरचं पहिलंच स्टेशन, लगेच उतरायचं, म्हणून अर्धं लक्ष दाराकडे.

तेवढ्यात रानभाजीची पाटी घेऊन खाली बसलेली एक ठाकर बाई उठली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, ‘‘ओ चष्म्यावाल्या ताई, तुमची बाटली काढा. तोंडात नका ओतू, नुसतं तोंडावर मारा. ए पोरी, तू तिचे पाय वर धर. आणि तुम्ही दारातनं सरका, वारा येऊ द्या.’’ झालं! मिनिटभरात आम्ही सगळ्या कामाला लागलो. मुलीने डोळे उघडले, एकीने पर्समधलं बिस्किट काढलं, दुसरीने तिच्या घरी फोन लावला.

घरी येईपर्यंत एकच विचार डोक्यात. मी वीस वर्षं गावात चार बायकांना जमवून कामं करते, लोक मला समाजसेविका म्हणतात. मग त्या वेळी मला झालं होतं तरी काय?

मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त माझा नाही. १८ जून २०२४ ला वसईत सकाळच्या वेळी, भर रस्त्यात एका तरुणाने एका मुलीवर लोखंडी पान्याने घाव घातले. तिचा तिथेच जीव गेला. आजूबाजूला माणसं होती, काहींनी मोबाइलवर चित्रण केलं. एक जण सोडवायला पुढे गेला, पण त्याला धमकावल्यावर तोही मागे सरला. याच्या वर्षभर आधी, २७ जून २०२३ ला पुण्याच्या सदाशिव पेठेत एक मुलगा कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावत होता. तिथे मात्र लेशपाल जवळगे नावाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा मध्ये पडला, त्याने कोयता धरला, आणखीही मुलं मदतीला आली आणि मुलगी वाचली.

दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, चौकात चर्चा एकच. वसईनंतर ‘माणुसकी मेली’, पुण्यानंतर ‘माणुसकी अजून जिवंत आहे’. पण माणुसकी पुण्यात असते आणि वसईत नसते, असं कसं होईल? दोन्हीकडे आपल्यासारखीच माणसं ना?

या कोड्यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज नावाच्या तरुणीचा तिच्या घराजवळ रात्री खून झाला. ३८ जणांनी ते बघितलं आणि कोणी हललं नाही, अशी बातमी छापून आली आणि गाजली. पुढे कळलं, की तो आकडा फुगवलेला होता. बऱ्याच जणांना नीट काही दिसलंच नव्हतं आणि काहींनी मदतीचा प्रयत्नही केला होता. पण त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघांनी १९६८ मध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून यंत्रावरून एकमेकांशी बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ज्याला वाटत होतं, की हे ऐकणारा मी एकटाच आहे, अशांपैकी १०० तले ८५ जण झटका चालू असतानाच मदत आणायला धावले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटल्यावर ते प्रमाण ६२ वर आलं. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तेव्हा उरले फक्त ३१!

म्हणजे माणसं वाईट नव्हती. एकटं असताना जबाबदारी पूर्ण माझी असते. पाच जण असले की तिचे पाच वाटे होतात आणि माझ्या वाट्याला येतं ‘कोणीतरी करेल’. आपल्याकडे म्हण आहेच ना, बारभाईंची शेती, काय लागेल हाती?

दुसरी गोष्ट आणखी गमतीची. याच दोघांनी काही तरुणांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतून धूर सोडला. एकटा असलेल्यांपैकी १०० तल्या ७५ जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण शेजारी मुद्दाम बसवलेली दोन माणसं शांतपणे लिहीतच राहिली, तेव्हा शंभरातल्या दहाच जणांनी सांगितलं. बाकीचे डोळे चोळत, खोकत बसून राहिले! दुसरे शांत आहेत, म्हणजे विशेष काही नसेल, असं प्रत्येकाला वाटतं. आणि आपण उगाच आरडाओरडा केला आणि काहीच निघालं नाही, तर लोक काय म्हणतील? ही भीती तर आपल्या बायकांच्या हाडीमाशी खिळलेली. लहानपणापासून ‘पुढेपुढे करू नकोस’ हेच शिकलेलो असतो आपण.

मग स्वभावाचं काय? काही माणसं मुळातच मायाळू असतात, असं आपण म्हणतोच की. १९७३ मध्ये डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेत धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं. वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला. ज्यांना भरपूर वेळ होता, त्यांच्यातले शंभरात ६३ थांबले. ‘उशीर झालाय, लवकर जा’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १०. काही मुलं तर वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवर बोलायला चालली होती, तरी तीही त्याला ओलांडून गेली! मला माझं पळसदरी स्टेशन आठवलं. स्वभाव असतोच, नाही कशाला म्हणू? पण त्या क्षणी घड्याळ आणि गर्दी स्वभावावर मात करतात.

आता आपल्याच लाइनवरचं एक उदाहरण बघा. १७ एप्रिल २०२१. वांगणी स्टेशनवर एक अंध आई आपल्या लहान मुलाला घेऊन फलाटावरून चालली होती. मुलगा तोल जाऊन रुळांवर पडला. आई चाचपडत राहिली. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. मयूर शेळके हा पॉइंट्समन ड्यूटीवर होता. तो रुळांवरून गाडीच्या दिशेने धावला, मुलाला फलाटावर चढवलं आणि स्वतः वर आला तोवर गाडी आलीच. ते दृश्य आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. रेल्वेने त्याला ५० हजारांचं बक्षीस दिलं, त्यातली अर्धी रक्कम त्याने त्या मुलासाठी द्यायचं ठरवलं.

मला यातली दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, नंतर त्याने पत्रकारांना सांगितलं, की धावताना आपल्याही जिवाला धोका आहे हे क्षणभर मनात आलं होतं. म्हणजे शूर माणसाला भीती वाटत नाही असं नाही. भीती आणि कळवळा दोन्ही एकाच वेळी मनात उठतात, पायांना कोणाचं ऐकू येतं एवढंच. दुसरी, त्या दृश्यात तिथे बघ्यांची गर्दी नव्हती. कोणाच्या तोंडाकडे बघायचं? शिवाय रूळ आणि गाडी हे त्याचं रोजचं काम. हे माझंच काम आहे, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

याचाच दुसरा नमुना खोपोलीत आहे. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात शिंगरोबा मंदिराजवळ ढोल-ताशा पथकाची बस दरीत कोसळली, १३ जण गेले. तेव्हा खोपोलीचे गिर्यारोहक आणि गावकरी दोर घेऊन दरीत उतरले. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला रस्ता नाही, अंधार, पाऊस. तरी यशवंती हायकर्सची मुलं चढून गेली. हे काही वेगळ्या मातीचे लोक नाहीत. त्यांनी आधीच ठरवून ठेवलंय, की फोन आला की आपण निघायचं. कोण दोर घेणार, कोण गाडी काढणार, हेही ठरलेलं. ऐन वेळी विचार करायची वेळच येत नाही.

हे सगळं रस्त्यावरचं झालं. पण आपल्या बायकांचा खरा प्रश्न भिंतीपलीकडचा आहे. मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक जण गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळून आली. वळ दिसत होते. ती गेल्यावर विषय निघाला तेव्हा कळलं, की रात्रीचा आवाज आळीतल्या पाच घरांनी ऐकला होता. प्रत्येकीला वाटलं, शेजारची गेली असेल. आणि वर, ‘नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला पडायचं?’

याचाही प्रयोग झालाय. १९७६ मध्ये अमेरिकेत शॉटलंड आणि स्ट्रॉ या संशोधकांनी एक पुरुष एका बाईला ओढतोय, असं नाटक लोकांसमोर केलं. बाई ‘मी याला ओळखत नाही’ असं ओरडली, तेव्हा शंभरात ६५ जण मध्ये पडले. ‘कशाला मी तुझ्याशी लग्न केलं!’ असं ओरडली, तेव्हा फक्त १९. मार तोच, ओरडणं तेच. मंगळसूत्र मध्ये आलं की बघणाऱ्याचे पाय थांबतात. ही गोष्ट अमेरिकेची, पण आपल्या आळीची नाही असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल का?

कायदा मात्र आपल्याला थांबवत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्पष्ट म्हटलंय, की अशी हिंसा होतेय किंवा होईल असं वाटलं, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही कारवाई होत नाही. अपघाताचंही तसंच. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन आणि २०२० ला नियम येऊन जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही. ‘पोलिसांचं लचांड नको’ म्हणून पाय मागे घ्यायचं कारण उरलेलं नाही.

याचा अर्थ प्रत्येकीने कोयत्यासमोर उभं राहावं असा नाही. मारणाऱ्याच्या हातात हत्यार असेल तर आधी ११२ ला फोन करा आणि चार जणांना हाक मारा. नवरा मारत असेल तर दाराची बेल वाजवा, कडी वाजवा. ‘जरा वाटीभर साखर देता का?’ एवढं विचारलं तरी उगारलेला हात थांबू शकतो. २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ नावाची मोहीमच निघाली होती यासाठी. पीडित बाईसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर फ्रिजवर, देवघराशेजारी, कुठेही लिहून ठेवा. आम्ही आमच्या गटात ठरवलंय, की आवाज ऐकू आला की सगळ्यात जवळच्या घरातलीने फोन करायचा, दुसरीने जाऊन कडी वाजवायची, तिसरीने मुलांना बाहेर आणायचं. नावं ठरली, तेव्हापासून दोनदा कडी वाजली आहे.

आणि स्वतःवर संकट आलं तर? ‘वाचवा, कोणीतरी या’ असं ओरडून उपयोग कमी. एकाकडे बोट दाखवा. ‘अहो निळा शर्टवाले दादा, पोलिसांना फोन लावा. ताई, माझ्याजवळ उभ्या राहा.’ बोट दाखवलं की वाटे होत नाहीत.

एक दिलासा देणारी गोष्टही सांगते. नेदरलँड्स, इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं २१९ सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलेलं होतं. म्हणजे गर्दी निर्दय नसते, ती पहिल्या माणसाची वाट बघत असते. वसईतही एक जण पुढे गेला होता. त्याच्यामागून आणखी दोघे गेले असते तर?

त्या दिवशी डब्यात पहिली उठली ती रानभाजीवाली. पुढे पळसदरी आलं तेव्हा मी उतरले नाही, त्या मुलीबरोबर खोपोलीपर्यंत गेले आणि मागच्या गाडीने परत आले. घरी स्वयंपाकाला उशीर झाला. नवऱ्याने विचारलं, ‘‘तूच का थांबलीस? कोणीतरी गेलं असतं की तिच्याबरोबर.’’ मी म्हटलं, ‘‘हो, गेलं ना. मी गेले.’’