कलम ३(ड)ला हात लावू नका

माहीत असलेल्या पदार्थाचा नवा उपयोग सापडला, एवढ्यावरून त्याचे पेटंट देणे आम्हाला मान्य नाही. म्हणून अमेरिकेच्या बौद्धिक संपदेवरील ‘स्पेशल ३०१’ अहवालात, असे पेटंट नाकारणाऱ्या भारतीय पेटंट कायद्यातील कलम ३(ड)वर पुन्हा पुन्हा होणाऱ्या टीकेपुढे सरकारने नमू नये. विळीवर बोट कापले की चिमूटभर हळद जखमेवर दाबायची, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. त्याच उपयोगाचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि १९५३ चा शोधनिबंध पुढे ठेवला, तेव्हा कुठे १९९७ मध्ये ते रद्द झाले. दर वेळी इतके लढणार कोण? औषधांच्या बाबतीत तर अशा पेटंटमुळे जुन्याच गोळीची मक्तेदारी लांबते आणि स्वस्त पर्याय रुग्णापर्यंत उशिरा पोहोचतो.

पेटंट नसेल तर जुन्या औषधांवर संशोधन कोण करील, हा आक्षेप गंभीर आहे. चाचण्यांना पैसा लागतोच. पण तो मक्तेदारीतूनच यावा असे नाही. डेक्सामेथासोन हे कित्येक दशके जुने, स्वस्त औषध. व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने सार्वजनिक निधीतून दाखवले. केंद्राने कोणत्याही व्यापार वाटाघाटीत कलम ३(ड)चा सौदा करू नये आणि अशा चाचण्यांसाठी आयसीएमआरला स्वतंत्र तरतूद द्यावी.