घरपट्टी कोणाची, मत कोणाचे?

बेंगळुरूत मी भाड्याच्या खोलीत राहून पीएचडी करतो. गेल्या वर्षी घरमालकांनी भाडे वाढवले. कारण सांगितले, घरपट्टी आणि कचऱ्याचे पैसे. 1 एप्रिल 2025 पासून इथे घरपट्टीबरोबर घनकचरा शुल्क घेतले जाते, घराच्या आकारानुसार महिना 10 ते 400 रुपये. पावती मालकांच्या नावाची, पैसे माझ्या खिशातले. पण या शहरात 'टॅक्सपेयर' म्हटले की सगळ्यांना घराचा मालकच आठवतो. आपल्यापैकी बहुतेक जण शहरात येतात ते भाडेकरू म्हणून. तेही आडनाव सांगून खोली मिळाली तर!

हे शुल्क कोणत्या नगरसेवकाने मंजूर केले? कोणीच नाही. बेंगळुरू महापालिकेची निवडणूक झाली ऑगस्ट 2015 मध्ये. सप्टेंबर 2020 मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आला. सप्टेंबर 2025 मध्ये एकाच्या पाच महापालिका झाल्या, त्याही निवडून आलेल्या सभागृहाविनाच सुरू झाल्या. मुंबईतही मार्च 2022 मध्ये प्रशासक बसला होताच.

कॅलिफोर्नियात शहराला रस्ते किंवा अग्निशमन केंद्रासाठी घरपट्टीतून फेडायचे कर्ज काढायचे असेल, तर आधी मतदान घ्यावे लागते. दोन तृतीयांश मते हवीत. त्या मतदानात भाडेकरूचे मत मालकाच्या मताइतकेच. आपल्याकडे कर्जरोखे काढणारे पहिले शहर बेंगळुरूच, 1997 मध्ये, 125 कोटींचे, राज्य सरकारच्या हमीवर. मतदारांना विचारायची तरतूद तेव्हा नव्हती, आजही नाही.

ती असावी, असे माझे मत आहे. पण डोळे झाकून नाही. जानेवारी 2013 मध्ये एजीपुऱ्यातील दुर्बल घटकांच्या वसाहतीवर बुलडोझर फिरला. सुमारे दीड हजार कुटुंबे रस्त्यावर आली, त्यांत दलित, मुस्लिम, ख्रिस्ती. आजूबाजूच्या मतदारांना विचारले असते तर त्यांनी ती वाचवली असती, याची खात्री मला देता येत नाही. बहुमताला उड्डाणपूल दिसतो, वस्तीतले तुंबलेले गटार दिसत नाही.

म्हणून दोन अटी. मत प्रत्येक प्रौढाचे, मालमत्ता असो वा नसो. ब्रिटिश काळात पालिकेचे मत कर भरणाऱ्याला असे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, तो उगाच नव्हे. रहिवासी संघांची 'आम्ही कर भरतो, आम्ही ठरवू' ही भाषा त्याच जुन्या घरातली आहे. दुसरी अट निधीची. कर्नाटकात पालिकांनी स्वतःच्या निधीतले 24.10 टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी राखायचे असतात. मतदानाने लावलेला कर 'विशेष निधी' म्हणून वेगळ्या खात्यात गेला की हा वाटा अलगद गळू शकतो. तेव्हा मतपत्रिकेवरच तो लिहिलेला हवा, आणि कामांची यादी वॉर्डनिहाय.

घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स मी मालकांकडे मागितली आहे. अजून मिळालेली नाही.