कानात घालाल ते पारखून घाला



बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, बैल घेताना दात पाहतो. इअरफोन मात्र बाजाराच्या दिवशी हातगाडीवर जो पहिला दिसेल तो उचलतो. कृषिखात्यातल्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असे कुणी म्हणेल. कारण तसेच घडले.

मध्यंतरी एका गावी हरभऱ्याची पाहणी करायला गेलो होतो. एका वस्तीवर चहाला थांबलो, तर घरच्या मुलाच्या मानेवर लाल वळ दिसला. मुलगा विशीतला, कष्टाळू. कानात गाणी लावून कडबा कुट्टी करत होता. पेंढी आत सारताना इअरफोनची तार कडब्याबरोबर यंत्रात ओढली गेली. तार हलकी होती म्हणून तुटली आणि वळावर निभावले.

त्याची आई म्हणाली, "साहेब, महिन्याला एक मोडतोय. टिकणारा कोणता घ्यावा, ते तरी सांगा त्याला."

मी म्हणालो, "वहिनी, टिकणारा सांगतो, पण कुठे घालायचा नाही, तेही सांगतो. आज तार पक्की असती तर..." पुढचे मी बोललो नाही. त्या माउलीला ते कळले.

त्या दिवशी जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी प्रकार ठरवावा. तारेचा इअरफोन सर्वांत स्वस्त, त्याला चार्जिंगची कटकट नाही. पण तो दोन जागी हमखास तुटतो : पिनेच्या बुडाशी आणि दोन कानांच्या तारा जिथे फुटतात तिथे. या दोन्ही जागी लवचीक रबराचे आवरण आहे का, ते बोटाने वाकवून पाहावे. काटकोनात वळलेली पीन खिशात कमी दुमडते. आपल्या फोनला गोल भोक आहे की नाही, हेही पाहावे. पुष्कळ नव्या फोनना ते नसते. सुटे बिनतारी बड्स दिसायला छान, पण वाकून खुरपताना एक जरी ज्वारीत पडला तर पुन्हा सापडत नाही. शेतकामाला मला मानेभोवतीचा नेकबँड सोयीचा वाटतो. कानातून निसटला तरी गळ्यात राहतो. पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास बरा नेकबँड मिळतो.

दुसरी पारख घामापाण्याची. पाकिटावर इंग्रजी अक्षरांत 'आयपीएक्स ४' असे लिहिलेले असते. शेवटचा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे सोसेल, ५ म्हणजे पाण्याची धार सोसेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी निभावेल. 'एक्स'च्या जागी आकडा असेल, जसे 'आयपी ५५', तर तो पहिला आकडा धुळीचा. शेतकामाला ४ च्या खाली जाऊ नये. धुळीचाही आकडा असेल तर उत्तम. मात्र ही चाचणी साध्या पाण्याने होते. आपल्या घामात मीठ असते आणि ते चार्जिंगच्या जागी गंज धरवते. म्हणून काम संपले की कोरड्या फडक्याने पुसावे, ओला असताना चार्जिंगला लावू नये, ट्रॅक्टरवर उन्हात ठेवू नये.

तिसरी गोष्ट कानाच्या मापाची. सोबत लहान, मध्यम, मोठी अशी रबरे मिळतात. घालून दहा वेळा वाका, घास चावल्यासारखे तोंड हलवा. निसटला तर रबर बदला. शेवटी पक्के बिल घ्या. बिनतारी वस्तूवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहा. वॉरंटीचा कागद वाचा. पाण्याने झालेला बिघाड त्यात धरलेला नाही, असे बारीक अक्षरांत पुष्कळदा लिहिलेले असते.

आता मुख्य मुद्दा. कडबा कुट्टी, मळणी यंत्र, ट्रॅक्टर यांच्यापाशी कानात काही नको आणि गळ्यातही नको. पट्टा सुटल्याचा आवाज, "थांब" म्हणून कुणी मारलेली हाक, हे सारे आधी कानाला कळते. रात्री पाणी द्यायला जाताना आणि रस्त्याने चालतानाही तेच. फवारणीच्या वेळी तर इअरफोनला हातसुद्धा लावू नये. औषधाचा हात इअरफोनला लागतो आणि तोच इअरफोन आपण कानात घालतो. पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या चाचणीत, हाताच्या कोपर ते मनगट भागाच्या कातडीपेक्षा कानाच्या नळीतून ते सुमारे पाचपट शोषले गेल्याचे आढळले होते.

आवाजाचेही पथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. तोच ९० वर नेला तर आठवड्याला ४ तासच. यंत्राच्या घरघरीवर मात करायला आपण आवाज वाढवत जातो आणि कान हळूहळू बधिर होतो. गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. खुरपणी, वेचणी अशा कामात एकाच कानात घाला आणि शेजारच्या सरीतल्या माणसाचे साधे बोलणे ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा. बाजारभाव, हवामान, भजन, काय ऐकायचे ते खुशाल ऐका.

निघताना त्या मुलाकडून मी एक काम करून घेतले. कुट्टीच्या बटणाशेजारी भिंतीत एक खिळा ठोकायला लावला. आधी इअरफोन खिळ्याला, मगच बोट बटणाला. आई म्हणाली, "आता माझं लक्ष राहील, साहेब."

तुमच्याही गोठ्यात असा एक खिळा आजच ठोका. नवा इअरफोन पुढच्या बाजाराला घेतला तरी चालेल.