म्हातारपण की आजार?

वाचकहो, २०२४ च्या मे महिन्यात मुलांना सुट्टी लागली तेव्हा आम्ही सहकुटुंब माथेरानला गेलो होतो. तेथे मोटारगाड्यांना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी थांबते, पुढे बरेच लोक पायी नाहीतर घोड्यावरून जातात. नाक्यावर घोड्यांची रांग उभी होती. रांगेच्या टोकाला राजा नावाचा एक तांबडा घोडा मान खाली घालून उभा होता. उन्हाने आमच्या अंगाला धारा लागलेल्या आणि त्याच्या अंगावर बोट बोट लांबीचे कुरळे केस! आमची धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, याने स्वेटर का घातलाय?"

घोडेवाले मामा साठीच्या घरातले. ते हसून म्हणाले, "म्हातारा झालाय साहेब. अठरा वर्षांचा आहे. हल्ली आळशीपण करतो, चालायला नको म्हणतो. पाणी मात्र बादल्याच्या बादल्या पितो. विकावा म्हटलं तर कोण घेणार?"

मामांचे घर या घोड्यावर चालत होते. घोडा चालला तर चूल पेटणार. म्हणून त्यांच्या बोलण्यातला त्रागा आम्हाला समजला. पण मनात शंका राहिली. मुंबईला परतल्यावर पशुवैद्यक असलेल्या एका स्नेह्यांना विचारले. त्यांनी जे सांगितले ते घोडा बाळगणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखे आहे.

मेंदूच्या तळाशी पिच्युटरी नावाची लहानशी ग्रंथी असते. ती अनेक हार्मोन तयार करते. घोड्यात तिच्या मधल्या भागावर डोपामिन या रसायनाचा लगाम असतो. वय वाढते तसे काही घोड्यांत हे डोपामिन पाठवणारे मज्जातंतू झिजतात. लगाम सुटला की ग्रंथीचा तो भाग वाढतो आणि नको तितके हार्मोन रक्तात सोडतो. या विकाराला पीपीआयडी म्हणतात. अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली माणसातील अशाच विकाराचे वर्णन केले होते, म्हणून घोड्याच्या आजारालाही पुष्कळ लोक कुशिंगचा आजार म्हणतात.

हा आजार दुर्मीळ नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये झालेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत १५ वर्षांच्या व त्यावरील घोड्यांपैकी सुमारे २१ टक्के घोड्यांना हा विकार आढळला, म्हणजे पाचात एक.

लक्षणे ध्यानात ठेवावीत. केस लांब व कुरळे होतात, वेळेवर झडत नाहीत. पाठीवरचे मांस उतरते, पोट मात्र सुटते. घोडा फार पाणी पितो आणि फार मुततो. घाम कधी विनाकारण येतो, कधी येतच नाही. जखमा लवकर भरत नाहीत, जंत वारंवार होतात. घोडा मलूल राहतो.

सर्वांत वाईट दुखणे खुराचे. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे असतात, ते सैल पडतात. याला लॅमिनायटिस म्हणतात. खूर गरम लागतो आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून सारा भार मागच्या पायांवर घेतो. त्याला पाऊल टाकणे नकोसे होते. आपण म्हणतो आळशी झाला, आणि चाबूक उचलतो. दुखणाऱ्या पायावर मार, असा हा प्रकार आहे.

यावर उपाय आहे. डॉक्टर रक्तातील एसीटीएच हे हार्मोन मोजतात. रक्ताचा नमुना थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. परगोलाइड नावाच्या औषधाने डोपामिनची उणीव भरून निघते. आजार मुळापासून जात नाही. गोळी रोज आणि जन्मभर द्यावी लागते, पण बऱ्याच घोड्यांना चांगला आराम पडतो. सुरुवातीला काहींची भूक मंदावते, तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे.

औषधाशिवायही पुष्कळ करता येते. अशा अनेक घोड्यांच्या शरीराला साखर पेलत नाही आणि त्यामुळेच खूर बिघडतात. म्हणून मायेने चारलेला गूळ आणि धान्याचा मोठा खुराक त्यांना घातक ठरतो. चांगले सुके गवत द्यावे, बाकीचा खुराक डॉक्टरांना विचारून ठरवावा. पाणी कधीही तोडू नये. लांब केस कातरावेत. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी साळावेत. दात आणि जंत तपासून घ्यावेत. पाय दुखत असताना सवारी पूर्ण बंद ठेवावी.

आम्ही मामांना फोन करून हे सारे सांगितले. आधी त्यांना पटले नाही. "म्हातारपणाला कसलं औषध साहेब?" असे म्हणाले. पुढे त्यांनी डॉक्टर बोलावले. रक्त तपासले, आजारच निघाला. त्या वर्षीच्या दिवाळीत फोन केला तेव्हा गूळ बंद होता, केस कातरले होते आणि गोळी चालू होती. मामा म्हणाले, "खर्च आहे साहेब, दर महिन्याला जीव वरखाली होतो. पण राजा आता लंगडत नाही. अवजड माणूस बसवत नाही त्याच्यावर, पोरंसोरंच बसवतो." मग थोडे थांबून म्हणाले, "उगाच मारलं हो मी त्याला."

त्यांचे हे शब्द ऐकून आम्हाला आमची आई आठवली. तीही रात्री चार वेळा पाण्याला उठायची आणि आम्ही "वय झालं" म्हणून कूस बदलायचो. वर्षभराने तिला मधुमेह असल्याचे कळले. तेव्हा वाचकहो, जनावर असो की घरचे वडीलधारे माणूस, "वय झालं" म्हणण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणाला औषध नाही, पण म्हातारपणाच्या आड लपलेल्या आजाराला बहुधा असते.