काट्यावर नको, टेपवर विश्वास ठेवा

आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराला सुटलेल्या पोटाबद्दल विचारा, उत्तर ठरलेले असते : “माझे वजन ५८ किलो, मला कसली चरबी?” हातपाय काडीसारखे, पण शर्टाखाली पोट गोल. घरची माणसेही निर्धास्त असतात. आम्हाला हा निर्धास्तपणाच धोक्याचा वाटतो. वजनकाटा हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी सगळे एकत्र तोलतो. त्यात चरबी किती, हे तो सांगत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

याची मुळे आईच्या पोटात आहेत. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक यांच्या पथकाला दिसले की, आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण त्यांच्यात कमी असतात ते मुख्यतः स्नायू. चरबी तेवढी घटत नाही. म्हणून सुटलेल्या पोटाला आळशीपणाचे लेबल लावून पोराला हिणवू नका. आणि सुनेच्या, लेकीच्या ताटात डाळ, अंडी, भाजी कमी पडू देऊ नका.

मग चरबीचा अंदाज घ्यायचा कसा? शिंप्याकडची टेप पुरते. सरळ उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर टेप आडवी फिरवा. श्वास सहज सोडल्यावर माप घ्या; पोट आत ओढू नका. पँटचा नंबर हे माप नव्हे. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात. आकडे लक्षात राहत नसतील तर एवढेच ध्यानात ठेवा : कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. उंची १६० असेल तर कंबर ८० च्या आत. गरोदर बाईला हे माप लागू नाही.

हा अंदाज आहे, निदान नव्हे. जिममधले मशीन छापून देते तो चरबीचा टक्काही अंदाजच असतो. त्यावर विसंबून महागडी पावडर घेऊ नका. टेप खुणेपलीकडे गेली, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल तर चालढकल नकोच.

आमची एक सूचना आहे. रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेप आणि एक वही ठेवा. मुलींची मापे बायकांनीच, आडोशाला घ्यावीत. कुणाचा आकडा चारचौघांत वाचू नये. पंचविशीत पाच मिनिटे दिली, तर चाळिशीत इन्सुलिनच्या सुईची पाळी टळू शकते.