उमेदवारीचे मोल

पेढीवर उमेदवारी करणाऱ्या मुलाला वेतन किती द्यावे, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांस नवा नाही. तो काम शिकत असतो म्हणून हातखर्चापुरते द्यावे, हा एक पक्ष. तो कामही करीत असतो म्हणून पोटापुरते तरी द्यावे, हा दुसरा. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये या दोन पक्षांचा वाद अनेक दशके चालला आणि त्याचा काहीसा निकाल अगदी अलीकडे, २०२३ मध्ये लागला.

बेसबॉलपटू म्हटला की कोट्यवधी डॉलरचा करार डोळ्यांपुढे येतो. तो आकडा खोटा नव्हे. ३० संघांच्या ‘मेजर लीग’ या सर्वोच्च श्रेणीत २०२६ सालासाठी ठरलेले किमान वार्षिक वेतन ७ लक्ष ८० हजार डॉलर आहे. मोसम सुमारे १८६ दिवसांचा असून वेतन दिवसाच्या हिशेबाने मोजले जाते. म्हणजे एकाच दिवसापुरता वर बोलावलेला नवखाही चार हजार डॉलरहून अधिक मिळवतो. परंतु नवा खेळाडू या श्रेणीत थेट येणे जवळजवळ अशक्य. दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाच्या निवडीत संघ आळीपाळीने २० फेऱ्यांत मुले निवडतात आणि करार करताना एकरकमी बोनस देतात. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या पॉल स्कीन्सला पिट्सबर्गच्या संघाने ९२ लक्ष डॉलर दिले. वृत्तपत्रांत छापला जातो तो हा आकडा. शेवटच्या फेऱ्यांतील मुलाच्या हाती कधी कधी काही हजार डॉलरच पडतात. त्यानंतर दोघांनाही ‘मायनर लीग’च्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि बहुतेकांची वाट तेथेच संपते. २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडले गेलेले उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग व दिनेश पटेल यांच्याशी पिट्सबर्गनेच करार केला होता. त्यांच्यावर पुढे चित्रपटही निघाला, पण मेजर लीगच्या मैदानावर दोघांपैकी कोणीही पोहोचला नाही.

या पायऱ्यांवरचे वेतन ऐकले की विश्वास बसत नाही. २०२२ पर्यंत सर्वांत खालच्या श्रेणीत वर्षाचे किमान ४,८०० डॉलर मिळत, त्याच्या वरच्या श्रेणीत ११,०००, आणि मेजर लीगच्या उंबरठ्यावरील ‘ट्रिपल ए’ श्रेणीत १७,५००. अमेरिकन शासनाने २०२१ साठी एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा १२,८८० डॉलर धरली होती, हे शेजारी मांडून पाहावे. शिवाय वेतन मोसमापुरतेच; वसंतातील सराव शिबिराचे काही नाही, हिवाळ्यात तर नाहीच. एका लहानशा घरात पाच-सहा जणांनी गाद्या टाकून राहणे, मोसम संपताच मिळेल ती नोकरी धरणे, ही नित्याची रीत होती.

संघमालकांचे म्हणणे असे की, हे नोकर नव्हेत, हंगामी उमेदवार आहेत. २०१८ मध्ये अमेरिकन संसदेने एका अवाढव्य खर्च-विधेयकात कलम घालून या म्हणण्यास कायद्याचे बळही दिले : कितीही तास राबवले, तरी मोसमात आठवड्याच्या ४० तासांचे किमान वेतन दिले की पुरे. (येथे एक गंमत सांगावीशी वाटते. बेसबॉल हा राज्याराज्यांतील व्यापार नव्हेच, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्यास लागू नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये दिला होता. तिकिटे विकून चालणाऱ्या धंद्यास धंदा न मानण्याचे हे भाग्य इतर कोणत्या व्यापाऱ्यास लाभले असेल?) खेळाडूंनी २०१४ मध्ये दाखल केलेला दावा २०२२ मध्ये १८ कोटी ५० लक्ष डॉलरवर मिटला. त्याच वर्षी ते संघटित झाले आणि २०२३ च्या करारात सर्वांत खालचे वेतन १९,८०० तर ट्रिपल ए श्रेणीचे ३५,८०० डॉलर झाले.

या तुटपुंज्या वर्षांत एक नवाच व्यवहार उभा राहिला, आणि आपल्या वाचकांनी विचार करावा असा भाग हाच. ‘बिग लीग ॲडव्हान्स’ ही कंपनी होतकरू मुलास रोख रक्कम देते आणि मोबदल्यात मेजर लीगमधील त्याच्या पुढील सर्व कमाईचा ठरावीक हिस्सा लिहून घेते. मुलगा वर पोहोचलाच नाही, तर एक पैही परत मागत नाही. फ्रान्सिस्को मेहिया या डोमिनिकन खेळाडूने ३ लक्ष ६० हजार डॉलर घेऊन १० टक्के लिहून दिले. आईच्या आजारपणात पैशांची निकड होती, असे सांगत त्याने २०१८ मध्ये दावा केला. पुढे तो मागे घेतला. फर्नांडो ताटिस याने कोवळ्या वयात २० लक्ष डॉलर घेऊन १० टक्के लिहून दिल्याचे वृत्त आहे. २०२१ मध्ये त्याने १४ वर्षांसाठी ३४ कोटी डॉलरचा करार केला. १० टक्के म्हणजे ३ कोटी ४० लक्ष. जून २०२५ मध्ये तोही न्यायालयात गेला.

त्याचे म्हणणे, हे वस्तुतः कर्ज होते. कंपनीचे म्हणणे, ही हिस्सेदारी. कर्ज असेल तर व्याजास कायद्याची मर्यादा येते; हिस्सा असेल तर नफ्यास मर्यादा नसते, कारण बुडीतही हिस्सेदाराच्याच माथी जाते. निव्वळ व्यवहार म्हणून पाहता कंपनीची बाजू मला अगदीच लंगडी वाटत नाही. दहा जणांवर लावलेले पैसे नऊ जणांत बुडाले, तर दहाव्याकडून वसुली होणारच. मात्र भागीदारीत दोन्ही पक्षांना थांबण्याची ताकद सारखी असावी लागते. ज्या मुलाजवळ पुढच्या महिन्याच्या भाड्याची तजवीज नाही, तो आपल्या हिश्श्याची किंमत ठरवीत नाही, सांगितलेली स्वीकारतो. आणि त्यास त्या स्थितीत ठेवले कोणी? कंपनीने नव्हे, त्याच्या कौशल्यावर उद्या कोट्यवधी मिळविणाऱ्या संघानेच.

नव्या वेतनाने ही निकड किती सैल झाली, ते ताटिसनंतरच्या पिढीच्या करारांतून दिसेल. ट्रिपल ए आणि मेजर लीग यांच्या किमान वेतनांत आजही सुमारे वीसपटींचे अंतर आहे. मायनर लीगचा करार पाच वर्षांचा असून २०२७ च्या मोसमानंतर दोन्ही पक्षांना पुन्हा वाटाघाटीस बसावे लागेल.